भिंतीला कान, आता खरेच!

“अलेक्सा, भीमगीत लाव,” असे पोर म्हणते आणि टेबलावरचा डबा गाऊ लागतो. घरच्यांना कौतुक वाटते. पण आपली हाक ऐकू यावी म्हणून त्या डब्याचा माईक सतत जागा असतो, हे किती जणांना ठाऊक आहे? हाक ऐकली की पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते. कधी भलताच शब्द त्याला हाक वाटतो. २०१८ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात एका जोडप्याचे घरातले बोलणे असेच टिपले गेले आणि परस्पर ओळखीच्या माणसाकडे पोहोचले. मुलांचे आवाज साठवून ठेवल्याच्या आरोपावरून २०२३ साली ॲमेझॉन कंपनीने तिथे अडीच कोटी डॉलर दंड मान्य केला.

बंधू-भगिनींनो, डोक्यावरचे कर्ज, आजारपण, पोरीची सोयरीक हे सारे आपण चार भिंतींतच बोलतो. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये माणसाचे घर व कागदपत्रे अवाजवी झडतीपासून सुरक्षित राहावीत, असे कलम घातले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हक्क मिळाला, तो राखायचा आपणच.

काम नसेल तेव्हा डब्यावरचे माईकचे बटण दाबा. लाल दिवा लागला की माईक बंद. मोबाईलच्या ॲपमधून साठलेले आवाज पुसून टाका. आणि घरातले महत्त्वाचे बोलणे निघाले की सरळ प्लग काढा.

जयभीम!