‘सायबर’ शब्दाचें मूळ आणि खंडाळ्याचें पाणी

‘सायबर’ हा शब्द अलीकडे मराठींत सर्वतोमुखीं झाला आहे. तथापि त्याचा अर्थ ‘संगणकासंबंधीं’ एवढाच घेतला जातो. ही समजूत मूळ अर्थास सोडून आहे, हें खंडाळ्याच्या निकटच्या एका उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लोणावळें-वळवण येथील तलावांचें पाणी खंडाळ्याच्या बाजूनें नळांतून सुमारें १७०० फूट खालीं खोपोलीस उतरतें. तेथील टाटांचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. विजेची मागणी वाढली कीं जलचक्रावरील भार वाढून त्याची गति मंदावूं लागते. ही मंद गतिच नियामकास चालना देते आणि तो पाण्याच्या धारेचें तोंड अधिक उघडतो. गति वाढल्यास तेंच तोंड आवळतो. कार्य उलटून कारणास वळण लावतें. या व्यापारास प्रत्याभरण म्हणतात.

अशा नियामकांचें गणितदृष्ट्या विवेचन मॅक्सवेल यांनीं १८६८ सालीं केलें. पुढें १९४८ सालीं अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांनीं, प्राणी व यंत्रें या दोहोंतील नियमनाच्या शास्त्रास ‘सायबरनेटिक्स’ या नांवाच्या ग्रंथानें रूप दिलें. हें नांव ‘कुबेर्नेतेस’, म्हणजे सुकाणूवाला, या ग्रीक शब्दावरून घेतलें आहे. त्याच शब्दापासून लॅटिनद्वारां यंत्रावरील ‘गव्हर्नर’ही निघाला. आमच्याकडेही हाच योग दिसतो. संस्कृतांत ‘कर्ण’ म्हणजे सुकाणूही होय, म्हणून तें धरणारा तो कर्णधार. आणि ‘नियामक’ हा शब्द अमरकोशांत नौका चालविणारांचा वाचक आहे.

१९८२ सालीं विल्यम गिब्सन या कथाकारानें ‘सायबरस्पेस’ हा शब्द योजिला. पुढें पूर्वपद तेवढें राहिलें, सुकाणूवाला विस्मृत झाला. व्यापार मात्र चालूच आहे. इंटरनेटवर आपण काय उघडतों, कोठें किती वेळ रेंगाळतों, याची नोंद होऊन तत्सदृश मजकूर पुन्हां पुढें येतो. भेद असा कीं, खोपोलीचा नियामक विचलन कमी करतो. येथें एकदां जडलेली आवड आपल्याच प्रत्याभरणानें बळावूं शकते. शिवाय जलचक्राची इष्ट गति चालविणारांस विदित असते. येथील इष्ट काय, तें वाचकानें ठरविलेलें नसतें.

म्हणून ‘सायबर’ म्हणजे ‘संगणकी’ एवढेंच मुलांस शिकविणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. तेवढ्या अर्थानें ‘सुकाणू कोणाच्या हातीं?’ हा प्रश्नच लोपतो. आणि शब्दाच्या पोटीं तर तोच आहे.