जॅकी रॉबिन्सन: ४२ क्रमांकाभोवतीचे गैरसमज

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे सगळे खेळाडू एकाच क्रमांकाचा सदरा घालून मैदानात उतरतात: ४२. हा क्रमांक जॅकी रॉबिन्सनचा. १९४७ मध्ये याच तारखेला तो ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून पहिला सामना खेळला आणि केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या मेजर लीगमधली वर्णबंदी मोडली. हा गौरव रास्तच आहे. मात्र पाऊण शतकात या घटनेभोवती ज्या समजुती साचल्या, त्या बहुतेक एकाच बाजूला झुकलेल्या आहेत. त्या अन्याय लहान करतात आणि माणसाला मवाळ करून टाकतात. सिनेमे, मुलांची चरित्रे आणि वर्षानुवर्षांची भाषणे यांतून त्या पसरल्या. म्हणून त्यांवर विश्वास ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. तरीही त्या चुकीच्या आहेत.

गैरसमज: मेजर लीगमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू रॉबिन्सनच.

रॉबिन्सनच्या ६३ वर्षे आधी, १८८४ मध्ये, मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून खेळला. त्याचा संघ ज्या अमेरिकन असोसिएशनमध्ये होता, तिला तेव्हा आणि आजही मेजर लीगचाच दर्जा आहे. त्याच वर्षी त्याचा भाऊ वेल्डी हाही काही सामने खेळला. पुढे कॅप अ‍ॅन्सनसारख्या नामांकित गोऱ्या खेळाडूने कृष्णवर्णीयांविरुद्ध खेळायला उघड विरोध केला. १८८७ मध्ये दुय्यम दर्जाच्या इंटरनॅशनल लीगच्या संघचालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा निर्णय मताने घेतला. मेजर लीगच्या नियमपुस्तकात बंदीचा शब्दही नव्हता. मालकांचा अलिखित समझोता पुरेसा ठरला, आणि तो इतका पक्का होता की वॉकर बंधूंची आठवणही पुसली गेली. गैरसमज खरा वाटतो तो यामुळेच. पण रॉबिन्सनला ‘पहिला’ म्हटले की त्याआधी कोणी लायकच नव्हते, असा अर्थ नकळत निघतो. प्रत्यक्षात कृष्णवर्णीय खेळाडू आले होते आणि त्यांना बाहेर काढले गेले होते.

गैरसमज: कृष्णवर्णीयांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

१९४५ मध्ये रॉबिन्सन कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमधला जेमतेम पहिला हंगाम खेळत होता. त्या लीगमधली मोठी नावे वेगळी होती: पिचर सॅचेल पेज आणि फलंदाज जॉश गिब्सन. २०२४ मध्ये निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली, तेव्हा कारकिर्दीतील सरासरीत गिब्सन सर्वांच्या वर गेला. रॉबिन्सनच्या पदार्पणाआधी तीन महिने, जानेवारी १९४७ मध्ये, तो वयाच्या ३५ व्या वर्षी वारला. मेजर लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी यांना गुणवत्तेबरोबर आणखी काही हवे होते: तरुण वय, महाविद्यालयीन शिक्षण, गोऱ्यांबरोबर खेळण्याचा अनुभव. युसीएलए विद्यापीठात चार खेळांत चमकलेल्या आणि सैन्यात अधिकारी राहिलेल्या रॉबिन्सनकडे ते सारे होते.

यावरून काहीजण दुसरे टोक गाठतात. तो खेळाडू म्हणून बेताचाच होता, स्वभावामुळे निवडला गेला, असे त्यांचे म्हणणे असते. नोंदी ते खोडून काढतात. १९४६ मध्ये डॉजर्सच्या माँट्रियलमधील दुय्यम संघाकडून खेळताना त्याने इंटरनॅशनल लीगमध्ये सर्वाधिक सरासरी गाठली. ज्या लीगने १८८७ मध्ये दरवाजा लावला होता, तीच ही लीग. १९४७ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि तो पुरस्कार त्याच वर्षी प्रथम दिला गेला. १९४९ मध्ये .३४२ सरासरी आणि ३७ चोरलेले बेस अशी कामगिरी करून तो नॅशनल लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू झाला. दहा हंगामांत डॉजर्सने सहा वेळा नॅशनल लीग जिंकली आणि १९५५ मध्ये वर्ल्ड सिरीजही.

गैरसमज: सारे श्रेय ब्रँच रिकी यांच्या मनाच्या मोठेपणाला.

रिकी यांचे धाडस नाकारता येणार नाही. विरोध होणार हे ठाऊक असून त्यांनी पाऊल टाकले. मात्र पिट्सबर्ग कुरियरचे कृष्णवर्णीय क्रीडापत्रकार वेंडेल स्मिथ आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे लेखणी झिजवत होते, आणि रॉबिन्सनचे नाव रिकी यांना सुचवणाऱ्यांत स्मिथ होते. बंदी मोडण्याच्या कोणत्याही प्रयत्नाला बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांच्याकडून साथ मिळत नव्हती. ते १९४४ मध्ये वारले. १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीत वर्णभेद करण्यास कायद्याने मनाई केली. एका भल्या माणसाची कथा सांगायला सोपी असते, त्यामुळे तीच टिकली. चळवळीतली शंभर माणसे त्या कथेत मावत नाहीत.

गैरसमज: रॉबिन्सन मुळातच शांत आणि सोसणारा होता.

सर्वांत खोल रुजलेला आणि सर्वांत अन्याय्य गैरसमज हा आहे. त्याला आधार मात्र खरा आहे. ऑगस्ट १९४५ मधल्या भेटीत रिकी यांनी त्याला विचारले होते की, शिव्या पडल्या, अंगावर कोणी धावून आले, तरी प्रतिकार न करण्याचे बळ तुझ्यात आहे का? रॉबिन्सनने शब्द दिला आणि सुरुवातीची वर्षे पाळला. एप्रिल १९४७ मध्ये फिलाडेल्फियाचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू डगआउटमधून त्याच्यावर अर्वाच्य वांशिक शिव्यांचा मारा करत होते, तेव्हाही तो गप्प राहिला. लोकांनी नेमकी हीच वर्षे लक्षात ठेवली.

त्याआधीचा माणूस पाहावा. जुलै १९४४ मध्ये टेक्सासमधील कॅम्प हूड या लष्करी तळावर सेकंड लेफ्टनंट रॉबिन्सनने बसमध्ये मागच्या बाजूला जाऊन बसण्यास नकार दिला. रोझा पार्क्स यांच्या नकाराच्या अकरा वर्षे आधीची ही गोष्ट. त्यातून वाढलेल्या वादात वरिष्ठांचा अनादर आणि आज्ञाभंग यांसाठी त्याच्यावर लष्करी खटला चालला. ऑगस्टमध्ये तो निर्दोष सुटला. नंतरचा माणूसही पाहावा. १९४९ पासून बंधन सैल झाले, तसा तो पंचांशी वाद घालू लागला, हॉटेलांतल्या भेदभावाविरुद्ध बोलू लागला. मग ज्या वृत्तपत्रांनी त्याच्या संयमाचे गोडवे गायले होते, त्यांतल्या काहींना तो उद्धट वाटू लागला. निवृत्तीनंतर त्याने नागरी हक्कांच्या चळवळीसाठी निधी उभारला, हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांच्या मालकीची बँक काढण्यात पुढाकार घेतला. १९७२ च्या आत्मचरित्रात तर राष्ट्रगीताला उभे राहून गाणे आपल्याला शक्य नाही, असे त्याने लिहिले. संयम हा त्याचा स्वभाव नव्हता. ती त्याने स्वतःवर लादलेली शिस्त होती, आणि तिची किंमत त्यालाच ठाऊक होती. त्या शिस्तीला स्वभाव म्हटले, की त्याचे सगळे कष्ट फुकट जातात.

गैरसमज: १९४७ मध्ये सिनसिनाटीत सहकारी पी वी रीझने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेक्षक गप्प झाले.

या प्रसंगाचा पुतळा २००५ पासून ब्रुकलिनमध्ये उभा आहे, सिनेमातही तो येतो. तरीही त्या वर्षीच्या वृत्तपत्रांत अशा घटनेचे वर्णन सापडत नाही, छायाचित्रही नाही. स्वतः रॉबिन्सनने आत्मचरित्रात अशी घटना १९४८ मधली आणि बोस्टनमधली म्हणून सांगितली आहे. रीझ त्याचा खरा मित्र होता. केंटकीत वाढलेल्या या गोऱ्या कर्णधाराने संघातल्या काहींनी काढलेल्या रॉबिन्सनविरोधी अर्जावर सही करण्यास नकार दिला होता, हे महत्त्वाचे आहे. पण पहिल्याच वर्षी भर मैदानात एका मिठीने द्वेष विरला, असे घडले नाही.

गैरसमज: त्याच्या पदार्पणानंतर वर्णबंदी संपली.

जुलै १९४७ मध्ये क्लीव्हलँडने लॅरी डोबीला घेतले. यांकीजला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला १९५५ उजाडावे लागले. बोस्टन रेड सॉक्सने तो १९५९ मध्ये घेतला, म्हणजे रॉबिन्सनच्या निवृत्तीनंतर. एप्रिल १९४५ मध्ये याच क्लबने रॉबिन्सनची चाचणी घेऊन पुढे काहीही केले नव्हते. दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते: रॉबिन्सनसाठी मोनार्क्स क्लबला डॉजर्सकडून काहीही मोबदला मिळाला नाही. चांगले खेळाडू आणि त्यांच्यामागून प्रेक्षकही निघून गेले, आणि निग्रो नॅशनल लीग १९४८ च्या हंगामानंतर बंद पडली. कृष्णवर्णीयांनी चालवलेला एक मोठा उद्योग त्यात मोडला.

गैरसमज: खेळाने त्याचा हयातीतच पुरेपूर सन्मान केला.

१९६२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, जून १९७२ मध्ये डॉजर्सने ४२ क्रमांक निवृत्त केला. सर्व संघांत तो निवृत्त झाला १९९७ मध्ये, आणि १५ एप्रिल हा त्याच्या नावाचा दिवस ठरला २००४ मध्ये. स्वतः रॉबिन्सनची मागणी वेगळीच होती. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी त्याचा सत्कार झाला. मधुमेहाने शरीर खचले होते, दृष्टी अधू झाली होती. आभार मानून तो म्हणाला की एखादा कृष्णवर्णीय माणूस संघाचा व्यवस्थापक झालेला दिसेल, तेव्हा आपल्याला अधिक आनंद होईल. नऊ दिवसांनी, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो वारला. फ्रँक रॉबिन्सन हा मेजर लीगचा पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक क्लीव्हलँडने नेमला, तो ऑक्टोबर १९७४ मध्ये.