टेंडरची भाषा शिकू या, वस्तीच्या कामाचा हिशेब मागू या

वस्तीत गटार किंवा काँक्रीट रस्त्याचे काम सुरू झाले की पहिला प्रश्न येतो, "टेंडर कोणाला मिळाले?" आमचे म्हणणे आहे, त्याच्या पुढचाही प्रश्न विचारा : टेंडरमध्ये लिहिले काय आहे?

जळगावने याची किंमत मोजली आहे. तत्कालीन नगरपालिकेच्या घरकुल योजनेत झोपडपट्टीतील कुटुंबांसाठी हजारो घरे बांधायची होती. बहुसंख्य घरे पूर्णच झाली नाहीत. 29 कोटींच्या गैरव्यवहाराच्या या खटल्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 जणांना दोषी ठरवले. त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली. ठेकेदाराला नियम डावलून बिनव्याजी आगाऊ रक्कम दिली, हा खटल्यातील एक प्रमुख आरोप होता. म्हणून हे शब्द माहीत हवेत :

अंदाजपत्रक : कामाची लांबी, रुंदी, जाडी, साहित्य आणि दर. दर शासनाच्या दरसूचीतून घेतात.

निविदा सूचना : काम, रक्कम, अटी आणि शेवटची तारीख. ई-निविदा 'महाटेंडर्स' संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. एकाच कामाचे छोटे तुकडे पाडलेले दिसले तर कारण विचारा. ई-निविदा टाळण्यासाठीही असे केले जाते.

दोन लिफाफे : आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा, म्हणजे दर, उघडला जातो.

बयाणा रक्कम व सुरक्षा ठेव : बयाणा निविदा भरताना द्यावा लागतो, काम न मिळालेल्यांना तो परत मिळतो. सुरक्षा ठेव काम मिळालेल्या ठेकेदाराची असते.

कार्यारंभ आदेश : काम कधी सुरू करायचे, किती मुदतीत संपवायचे, हे यात असते.

मोजमाप पुस्तक : सर्वांत महत्त्वाचे. अभियंता प्रत्यक्ष झालेले काम मोजून यात नोंदवतो आणि त्यावरून बिल निघते. पुस्तकात सहा इंच आणि जागेवर चार इंच, हा फरक टेपने पकडता येतो.

दोषदायित्व कालावधी : या मुदतीत काम खराब झाले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते. हा कालावधी संपण्यापूर्वी लेखी तक्रार करा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून, म्हणजे जुन्या दलित वस्ती सुधार योजनेतून, झालेल्या कामांनाही हीच कागदपत्रे असतात. माहिती अधिकार कायदा, 2005 नुसार 10 रुपये शुल्क भरून ती मागता येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क लागत नाही. उत्तर साधारणतः 30 दिवसांत द्यावे लागते. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

व्यवसाय करणाऱ्या तरुणांनी हेही लक्षात ठेवावे : केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात वस्तू व सेवांच्या खरेदीपैकी 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आपण निविदा तपासायलाही शिकू आणि भरायलाही.

सुरुवात आपल्या वस्तीतल्या एका कामापासून करा. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तक यांच्या प्रती मागवा, चार जण मिळून वाचा आणि टेप घेऊन रस्त्यावर उतरा.

जय भीम!