विजेची गिटार आणि कोंकणची हवा

पावसाळ्यांत पेटीला कसें जपावें हें रत्नागिरीकडील घरांतून कोणास शिकवावें लागत नाहीं. भाता सर्द होऊं नये, पट्ट्या फुगून अडकूं नयेत, म्हणून ती ओल्या भिंतीपासून दूर ठेवतात. उघाड पडली कीं थोडा वेळ वाजवून घेतात. परंतु अलीकडे नातवंडांच्या खोलींत जी विजेची गिटार आली आहे, तिच्या बाबतींत मात्र तींच घरें हतबल होतात. आवाज बसला, सारखी घुमूं लागली, अशी तक्रार झाली कीं वाद्य मुंबईस धाडावें किंवा नवें घ्यावें, एवढे दोनच मार्ग त्यांस दिसतात. आमच्या मतें बहुधा दोहोंचेंही कारण नसतें. दोष असतो तो तारांखालच्या ‘पिकअप’ नांवाच्या लहानशा डबींत किंवा तिच्या जोडणींत, आणि तो घरींच पारखतां येतो.

हा पिकअप म्हणजे रिळावर गुंडाळलेली तांब्याची तार. ती सुमारें ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी, आणि तिचे वेढे सात-आठ हजार. मध्यें चुंबकाच्या दांड्या. वर पोलादी तार हालली कीं वेटोळ्यांतील चुंबकत्व कमीजास्त होतें व तांब्यांत अतिक्षीण वीज उत्पन्न होते. ध्वनिवर्धक तिलाच मोठी करतो. फॅरेडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व हेंच. बरोबर शंभर वर्षांनीं अमेरिकेंत जॉर्ज बीचम यानें त्यावरून गिटारीचा पिकअप सिद्ध केला, आणि १९३२ पासून तशी गिटार विक्रीस आली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची, हवाई धर्तीची होती. पुढें मुंबईंत व्हॅन शिप्ले यांनीं हवाई पद्धतीच्या विजेच्या गिटारीवर चित्रपटांतील चाली वाजविल्या आणि त्यांच्या तबकड्या निघाल्या. तेव्हां हें वाद्य आपणांस वाटतें तितकें परकें नाहीं.

सुधारणा म्हटली कीं तरुण मंडळी प्रथम नवा पिकअप विकत घेण्याचें योजितात. त्यांनीं आधीं पेचकस हातीं घ्यावा. दोन बाजूंच्या स्क्रूंनीं पिकअप वरखालीं होतो. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरली असतां एकेरी वेटोळ्याच्या पिकअपांत जाड तारेखालीं सुमारें २.४ व बारीक तारेखालीं २ मिलिमीटर अंतर राहावें. याहून फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळूं लागतो; बिचारा वादक मात्र खुंट्या पिळीत बसतो!

घुमण्याची गोष्ट निराळी. आपल्या घरांतील वीज सेकंदांत ५० आवर्तनें करते, आणि एकेरी वेटोळें तीही गुणगुण पकडतें. १९५५ त सेथ लव्हर यानें दोन वेटोळीं उलटसुलट जोडून ही गुणगुण परस्परांत जिरविली. परंतु एवढ्यासाठीं पिकअप बदलण्यापूर्वीं आंतल्या पोकळीस तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो वाद्याच्या ‘अर्थ’ला जोडावा, आणि पंख्याच्या रेग्युलेटरपासून दूर बसावें. तारांस हात लागतांच गुणगुण कमी होते, यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. मात्र बोटांस मुंग्या येत असतील तर तत्क्षणीं वादन थांबवावें. जुन्या घरांतून सॉकेटाचें तिसरें भोंक पुष्कळदां नुसतें शोभेचें असतें. त्यामागें जमिनीशीं जोडणीच नसते. दोष असलेला ध्वनिवर्धक, अर्थविरहित सॉकेट आणि तारांवर ओलसर बोटें, हा योग जिवावर बेतणारा आहे. वायरमनला बोलावून अर्थ तपासून घेतल्यावांचून मुलांच्या हातीं हें वाद्य देऊं नये, असें आमचें वडीलधाऱ्यांस आग्रहाचें सांगणें आहे.

रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेले महिने समुद्राची खारी हवा आहेच. तारा गंजतात, त्यांचा भुगा चुंबकांस चिकटतो, आणि खार आंत शिरला कीं बारीक तांब्यावर हिरवी कीड चढून तार तुटते. म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें पुसावें, पेटाऱ्यांत सिलिका जेल ठेवावें, भुगा चिकटपट्टीनें उचलावा. पडदे घांसण्यास पोलादी लोकर मुळींच वापरूं नये. तिचे तंतू चुंबकावर जाऊन बसतात.

आवाज वाढवितांच पिकअप किंचाळत असेल तर आंतले वेढे सैल असतात. पॅराफिनांत थोडें मधमाशांचें मेण घालून, पाण्याच्या पातेल्यांत दुसरें भांडें ठेवून, ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तें वितळवावें आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप त्यांत बुडवावा. याहून अधिक उष्णतेनें रीळ वांकडें होतें. मेण प्रत्यक्ष आंचेवर कधींही ठेवूं नये, तें पेट घेतें. आणि मेणाचें भांडें पुन्हां वरणास चालणार नाहीं, हें घरांतील बायकांस आधींच सांगावें. म्हणजे पुढील वाद टळेल.

पिकअप अगदीं मुका झाला तर जोडणीपासून सोडवून मल्टिमीटर लावावा. एकेरी वेटोळ्याचा रोध बहुधा ५ ते ८ हजार ओहम दिसतो. कांटा हाललाच नाहीं तर तार तुटली. तरीही तो टाकूं नये. पुष्कळदां तुटलेलें असतें तें बाहेरचें टोंक, जेथें जाड वायर जोडलेली असते. भिंगाखालीं एक वेढा सोडवून, टोंकावरचें रोगण हलकेंच खरवडून पुन्हां सोल्डर केलें कीं काम भागतें. तेवढ्यानेंही न भागल्यास नवी तार गुंडाळून घेतां येते. चुंबक व रीळ तेवढें जपून ठेवावें.