बोरघाटातील अनाम मृत : कुटुंबशोधाची साधने आणि त्यांच्या मर्यादा

जानेवारी १८६२ मध्ये इंग्लंडमधील हार्टली येथील कोळशाच्या खाणीत २०४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या विधवांसाठी व मुलांसाठी देशभर निधी जमा झाला. निधी वाटावयाचा म्हणजे मृत कोण, त्याच्यामागे किती माणसे, त्यांची वये काय, हे लिहून काढणे भाग होते. त्यामुळे हार्टलीच्या मृतांची नावे आजही सांगता येतात. त्याच सुमारास मुंबई-पुणे लोहमार्गासाठी बोरघाट फोडला जात होता. १८५६ ते १८६३ या काळात तेथे सुमारे २४ ते २५ हजार कामगार मरण पावले असावेत, असा अंदाज अभ्यासक देतात. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. या मृतांची नावनिशीवार यादी मागे उरलेली नाही. व्हिक्टोरिया राणीच्या एकाच राज्यातील या दोन घटनांमध्ये मृतांच्या संख्येपेक्षाही नोंदीचा फरक अधिक बोलका आहे, आणि बोरघाटाच्या बाबतीत कुटुंबशोधाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

घाटातील चढ सुमारे पंधरा मैलांचा. त्यात २५ बोगदे आणि ८ मोठे पूल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेले हे काम प्रथम फॅव्हिएल या कंत्राटदाराकडे होते. मजुरी थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये कामगारांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर अल्पावधीतच १८५९ मध्ये मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्याकडे ठेवून ते पूर्णत्वास नेले. १८६१ मध्ये कामावरील माणसांची संख्या ४२ हजारांच्या घरात गेली होती. १८६३ मध्ये घाटमार्ग वाहतुकीस खुला झाला.

दरडी आणि सुरुंग यांनी माणसे मेलीच. पण बहुसंख्य मृत्यू पटकी, हिवताप व इतर ज्वरांचे होते. ही बाब कुटुंबशोधाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. अपघाताचा पंचनामा होऊ शकतो. झोपड्यांच्या तळावर पटकीने मेलेल्या माणसाचा होत नाही. शिवाय कामाचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होई आणि पेरणीच्या आधी पुष्कळ मजूर गावी परतत. घाटात लागलेला आजार गावात येऊन जीव घेई, आणि तो मृत्यू घाटाच्या खाती पडत नसे.

कायद्यानेही नोंदीला हातभार लावला नाही. १८५५ च्या तेराव्या कायद्यान्वये दुसऱ्याच्या हयगयीमुळे मृत्यू आल्यास पत्नी, आईबाप व मुले यांच्यासाठी भरपाईचा दावा लावता येत होता. परंतु दावा दिवाणी न्यायालयात लावावयाचा, हयगय सिद्ध करावयाची, आणि रोग हा दैवाचा भाग मानलेला. तेव्हा घाटावरच्या बिगारी मजुराच्या विधवेला त्या तरतुदीचा उपयोग कितपत झाला असेल, हे निराळे सांगावयास नको. १८५९ च्या उद्रेकानंतर झालेला १८६० चा नववा कायदा रेल्वे व सार्वजनिक कामांवरील मजुरीच्या तंट्यांपुरता होता. मजुरी बुडविणारा मालक आणि काम टाकून जाणारा मजूर या दोघांची त्याने दखल घेतली. मेलेल्या मजुराची घेतली नाही. कामगार-भरपाईचा कायदा येण्यास १९२३ साल उजाडावे लागले. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १८८६ चा आणि देशव्यापी शिरगणतीचा पहिला प्रयत्न १८७२ चा; म्हणजे ही दोन्ही साधने बोरघाटानंतरची.

येथे एक विपरीत वाटणारी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्याच दशकांत मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचा माग अनेकदा लागतो. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आगमन-नोंदवह्या जपलेल्या असून त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, गाव असा तपशील आढळतो. रायपूर, बिलासपूरकडून आसामच्या चहामळ्यांवर गेलेल्या छत्तीसगढी मजुरांनाही १८८२ व १९०१ च्या कायद्यांखाली नोंदणीतून जावे लागे. नोंद ठेवण्यामागे कनवाळूपणा नव्हता. करारबद्ध मजूर पळाला तर त्याला ओळखून परत आणता यावे, हा तिचा हेतू. बोरघाटातला मजूर कायद्याने मोकळा होता. मुकादमाच्या टोळीत तो एक आकडा होता, आणि पैसा मुकादमाच्या हाती पडे. ज्याला बांधून ठेवावयाचे त्याचे नाव लिहिले गेले. जो सुटा होता तो नावाशिवाय गेला. मॉरिशसच्या वारसाला पणजोबाचे गाव सापडते आणि खालापूर किंवा मावळातल्या वारसाला पणजोबाचा मृत्यू सापडत नाही, याचे कारण हेच.

तरीही शोध अशक्य नाही. त्याची दिशा बदलावी लागते. मृतापासून कुटुंबाकडे जाता येत नसेल, तर कुटुंबाकडून मृताकडे जावे लागते. महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारातील सार्वजनिक बांधकाम, रेल्वे व न्याय खात्यांची दप्तरे, आणि त्या काळी चालू असलेली 'ज्ञानोदय' व 'ज्ञानप्रकाश' ही पत्रे यांतून काम कोणत्या महिन्यात कोठे चालले होते आणि साथ केव्हा पसरली, ही चौकट उभी राहते. त्या चौकटीत गावाकडची साधने बसवावी लागतात : कुलकर्ण्यांची मोडी दप्तरे, खातेबदल, वतनदार घराण्यांच्या वारसाच्या नोंदी, तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या, दक्षिणेकडे हेळव्यांनी जपलेल्या वंशावळी. जमीन किंवा वतन असलेल्या घरातील कर्ता पुरुष १८५९-६१ च्या दरम्यान एकाएकी नोंदीतून नाहीसा होतो आणि खाते अज्ञान मुलाच्या किंवा भावाच्या नावे चढते, अशी जागा सापडली तर ती पुरावा नसली तरी खूण निश्चित असते. भूमिहीनांच्या बाबतीत ही खूणही मिळत नाही, आणि घाटात राबणाऱ्यांमध्ये भूमिहीन थोडे नव्हते.

वडार आणि इतर माती-दगडाचे काम करणाऱ्या जमातींचा प्रश्न आणखी अवघड आहे. त्या एका कामावरून दुसऱ्या कामावर कुटुंबासह जात. पुरुष खणे, स्त्री पाटी वाही, मूल दगड वेची. मजुरी मात्र एकाच्या नावे. अशा कुटुंबांचे मूळ गाव विचारणेच चुकीचे ठरते. विचारावयाचे ते कामांची साखळी. लोहमार्ग नागपूरहून १८८२ मध्ये राजनांदगावला आणि १८८८ मध्ये रायपूरला पोहोचला. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर लिहिताना बेलदार, ओड व त्यांच्यासारखे मातीकाम करणारे गट एकाच प्रकरणात घेतले आहेत. रायपूर परिसरातील अशा घरांमध्ये आजोळ, सोयरीक आणि कुलदैवत यांची चौकशी पश्चिमेकडे कोठवर पोहोचते, हे पाहण्याजोगे आहे. घरात बोलली जाणारी भाषा येथे आडनावापेक्षा अधिक विश्वसनीय ठरते. कारण कष्टकरी घरांतील आडनावे पुष्कळदा शाळेच्या किंवा नोकरीच्या दाखल्यावर प्रथम स्थिर झाली.

स्त्रियांचा माग तर आडनावाने लागतच नाही. ज्या जातींत पाट लावण्याची रीत होती, तेथे घाटातून परतलेली तरुण विधवा थोड्याच काळात दुसऱ्या घरी जाई आणि तिचे मूल सावत्र बापाच्या किंवा मामाच्या घरी वाढे. छत्तीसगढात हाच व्यवहार 'चूडी' या नावाने ओळखला जातो. परिणामी मृताचा रक्ताचा वारस आज भिन्न आडनावाने, कदाचित भिन्न गावात असतो, आणि केवळ पुरुषवंश मांडणारी वंशावळ त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. मामाचे गाव कोणते, आणि पणजीला माहेरी कोणी आणून पोहोचविले, हे दोन प्रश्न मुलाखतीत आधी विचारले तर उत्तरे मिळतात. 'तुमच्या घरातले कोणी घाटात मेले का', असा थेट प्रश्न विचारला की उत्तर सहसा नकारार्थीच येते. आठवणीत मृत्यूपेक्षा पोरकेपण अधिक टिकलेले असते.

युरोपीय मृतांची गोष्ट वेगळी. मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि एखाद्या अभियंत्याचा किंवा कंत्राटी कारागिराचा मृत्यूदिनांक त्यांत शोधता येतो. बोरघाटाच्या अभ्यासकाला या नोंदींचा दुसराही उपयोग आहे. तळावरची साथ गोऱ्या माणसांनाही सोडत नसे. त्यांच्या मृत्यूंच्या तारखा ज्या आठवड्यांत दाटलेल्या दिसतात, त्याच आठवड्यांत शेजारच्या झोपड्यांतून काय घडत असेल याचा अदमास बांधता येतो, आणि गावच्या दप्तरातील कोणते पान आधी उघडावे हे ठरते.