देवाणघेवाणीचे दप्तर

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या थोडे अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै नावाचे गाव लागते. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. दक्षिण कोरियातील ह्युंदाई या कंपनीने १९९६ साली आपली भारतीय शाखा स्थापन केली आणि १९९८ साली तिच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. परदेशातून भांडवल, यंत्रे आणि तंत्रज्ञ येणे याचे आज कोणाला नवल वाटत नाही. अशा कारखान्याचा हिशेब मांडणेही तुलनेने सोपे असते. किती माल तयार झाला, किती विकला गेला, किती लोकांना काम मिळाले, हे आकडे वर्षाच्या शेवटी छापून प्रसिद्ध होतात.

परंतु या घटनेच्या जवळजवळ चार दशके अगोदर याच शहराच्या दक्षिण भागात, गिंडीच्या रानात, परदेशातून निराळ्या प्रकारची सामग्री येऊ लागली होती. ती दोन सरकारांमधील करारानुसार येत होती आणि तिचा हेतू शिक्षणाचा होता. प्राध्यापक येत होते, प्रयोगशाळेची उपकरणे येत होती आणि येथील अध्यापक शिकण्यासाठी परदेशी जात होते. या देवाणघेवाणीतून काय निष्पन्न झाले, याचा हिशेब कारखान्याच्या ताळेबंदाइतका सुलभ नाही. तो कोणी लिहून ठेवला, कोणत्या भाषेत लिहिला आणि कोणाच्या कपाटात ठेवला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

चार दिशा, चार देश

स्वातंत्र्यापूर्वीच, १९४५ साली, नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. देशाच्या पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण भागांत उच्च तांत्रिक शिक्षण देणारी प्रत्येकी एक संस्था असावी, अशी शिफारस तिने केली. त्यांपैकी पहिली संस्था खरगपूर येथे सुरू झाली आणि १९५१ साली तिचे रीतसर उद्घाटन झाले. पुढील संस्थांसाठी पैसा, उपकरणे आणि अध्यापक कोठून आणावयाचे, हा प्रश्न मात्र बिकट होता. परकीय चलनाची टंचाई होती आणि अनुभवी अध्यापक मोजकेच होते.

तो काळ शीतयुद्धाचा होता. अलिप्ततेचे धोरण स्वीकारलेल्या भारताशी मैत्री राखण्यास दोन्ही गट उत्सुक होते. याचा परिणाम असा झाला, की मुंबईच्या संस्थेस सोव्हिएत संघाचे, मद्रासच्या संस्थेस पश्चिम जर्मनीचे, कानपूरच्या संस्थेस अमेरिकेचे आणि दिल्लीच्या संस्थेस ब्रिटनचे साहाय्य मिळाले. जे देश एकमेकांकडे संशयाने पाहत होते, त्यांनी एकाच देशात, एकाच कायद्याखाली चालणाऱ्या संस्था उभारण्यास हातभार लावला. १९६१ सालच्या तंत्रविज्ञान संस्था अधिनियमाने या संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचा दर्जा प्राप्त झाला.

मुंबईला मिळालेल्या साहाय्याची रीत मोठी उद्बोधक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तांत्रिक साहाय्य निधीस सोव्हिएत संघ आपली वर्गणी रूबलमध्ये देत असे. रूबल हे इतर चलनांत सहजी बदलता येणारे चलन नव्हते. त्यामुळे ही रक्कम सोव्हिएत उपकरणे आणि सोव्हिएत तज्ज्ञ यांवरच खर्च करणे शक्य होते. या पैशाचा उपयोग युनेस्कोच्या मार्फत मुंबईच्या संस्थेसाठी करण्यात आला. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्त्यांचा उगमही काहीसा असाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेले अमेरिकन लष्करी साहित्य विकून जो पैसा येईल, तो विद्यार्थी व विद्वान यांच्या देवाणघेवाणीसाठी वापरावा, अशी तरतूद १९४६ सालच्या कायद्याने करण्यात आली. भारताशी या स्वरूपाचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. ज्याला आपण सांस्कृतिक संबंध म्हणतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा अडकून पडलेला पैसा असतो. हे सत्य उद्घाटनाच्या भाषणांत सापडत नाही. ते हिशेबाच्या कागदांतच सापडते.

पवई आणि गिंडी

मुंबईच्या संस्थेचे पहिले वर्ग २५ जुलै १९५८ रोजी वरळी येथे, रेशीम व कृत्रिम धाग्यांवर संशोधन करणाऱ्या ‘सस्मिरा’ या संस्थेच्या इमारतीत सुरू झाले. ३,४०० हून अधिक अर्जदारांतून १०० विद्यार्थी निवडण्यात आले होते. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पवई येथे कोनशिला बसविण्यात आली. संस्थेच्या इतिहासात नमूद असल्याप्रमाणे सोव्हिएत संघातून ५९ तज्ज्ञ व १४ तंत्रज्ञ येथे आले आणि सोव्हिएत संघात प्रशिक्षण घेण्यासाठी भारतीय अध्यापकांना २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. १९६५ साली झालेल्या द्विपक्षीय करारानुसार आणखी साहाय्य देण्यात आले.

मद्रासच्या संस्थेची कहाणी १९५६ पासून सुरू होते. त्या वर्षी पश्चिम जर्मनीच्या सरकारने भारतात अभियांत्रिकीची उच्च शिक्षणसंस्था स्थापन करण्यास साहाय्य देऊ केले. १९५९ साली बॉन येथे करारावर सह्या झाल्या आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांच्या हस्ते संस्थेचे उद्घाटन झाले. पहिल्या तुकडीत १२० विद्यार्थी होते. राजभवनाला लागून असलेल्या रानातील सुमारे २५० हेक्टर जमीन संस्थेला मिळाली. प्रत्यक्ष यंत्रावर हात चालविल्याखेरीज अभियंता तयार होत नाही, या जर्मन परंपरेतील विचाराला अनुसरून येथील कार्यशाळांना मोठे महत्त्व देण्यात आले. १९६४ साली झालेल्या पहिल्या पदवीदान समारंभात राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांचे भाषण झाले.

या दोन संस्थांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. तज्ज्ञ किती आले, शिष्यवृत्त्या किती दिल्या, उपकरणे कोणती पाठविली, हे आकडे सापडतात. कारण देणाऱ्याला आपल्या सरकारपुढे हिशेब ठेवावा लागतो. उलट, घेणाऱ्याने काय केले, हे शोधावे लागते. अभ्यासक्रमातील कोणता भाग स्वीकारला आणि कोणता नाकारला? परदेशी प्राध्यापकाने सुचविलेला प्रयोग येथील हवेत आणि येथील विद्यार्थ्यांच्या तयारीनुसार कसा बदलावा लागला? असे निर्णय बैठकांत आणि प्रयोगशाळेतल्या बोलण्यात होतात. त्यांची रीतसर नोंद क्वचितच राहते.

या संदर्भात डॉ. पुरुषोत्तम काशीनाथ केळकर यांचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. धारवाड येथे १९०९ साली जन्मलेले केळकर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करीत होते. पवईच्या संस्थेची आखणी सुरू झाली तेव्हा ते तिचे नियोजन अधिकारी झाले. तेथून १९५९ साली ते कानपूरच्या संस्थेचे पहिले संचालक म्हणून गेले. १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या व तंत्रसंस्थांच्या गटाने कानपूरला साहाय्य केले आणि १९६३ साली तेथे आय.बी.एम. १६२० हा संगणक आला. १९७० साली केळकर पुन्हा पवईस संचालक म्हणून परतले. एकाच मराठी गृहस्थाने सोव्हिएत आणि अमेरिकन अशा दोन्ही साहाय्यांची बाजू आतून पाहिली होती. मॉस्कोच्या दप्तरात कानपूर नसणार आणि वॉशिंग्टनच्या दप्तरात पवई नसणार. हे दोन्ही अनुभव जेथे एकत्र येतात, ते ठिकाण फक्त भारतातच असू शकते.

एका बाजूचे कागद

देणारे देश आपला इतिहास जपण्यात तत्पर असतात, असे दिसून येते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९७० नंतरच्या दशकात आपल्या शैक्षणिक व सांस्कृतिक देवाणघेवाणीचा इतिहास पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले. चीन, लॅटिन अमेरिका आणि जर्मनी यांच्याशी झालेल्या देवाणघेवाणीवर त्यांत स्वतंत्र ग्रंथ निघाले. त्या खात्याच्या संबंधित विभागाची ऐतिहासिक कागदपत्रे पुढे आर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवण्यात आली. युनेस्कोचे दप्तर पॅरिसमध्ये आहे आणि जर्मन परराष्ट्र खात्याचे अभिलेखागार बर्लिनमध्ये आहे.

काळाच्या ओघात देणाऱ्यांचेही रूप पालटले. १९९० साली दोन्ही जर्मनींचे एकीकरण झाले आणि १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ज्या राज्यांनी सह्या केल्या, ती त्या स्वरूपात उरली नाहीत. इकडे १९९५ साली बॉम्बेचे मुंबई आणि १९९६ साली मद्रासचे चेन्नई झाले. संस्थांनी मात्र जुनीच नावे कायम ठेवली. अभ्यासकाला रशियन व जर्मन या भाषा, जुनी नावे आणि बदललेल्या कचेऱ्या या सर्वांतून वाट काढावी लागते. कोणी ही वाट काढली नाही, तर गिंडीचा इतिहास जर्मन साहाय्याच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून आणि पवईचा इतिहास सोव्हिएत धोरणातील एक उदाहरण म्हणूनच शिल्लक राहील. त्यात भारतीय माणसे केवळ लाभार्थी म्हणून दिसतील.

भारतात १९९३ साली सार्वजनिक अभिलेख अधिनियम संमत झाला. केंद्रीय कायद्याने स्थापन झालेल्या संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. तथापि कायदा सरकारी कागदांपुरता असतो. परदेशी गेलेल्या अध्यापकाने घरी लिहिलेली पत्रे, कार्यशाळेतील मिस्त्रीने यंत्राच्या सूचनांवर आपल्या भाषेत केलेल्या टिपा, वसतिगृहातील छायाचित्रे या गोष्टी कोणत्याही कायद्यात बसत नाहीत. त्या घरातील पेट्यांत राहतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. मद्रासच्या संस्थेत २००६ साली वारसा केंद्राचे उद्घाटन झाले. जुनी छायाचित्रे, कागदपत्रे आणि प्रत्यक्ष साक्षीदारांच्या आठवणी एकत्र करण्याच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे होते.

संस्थेने स्वतः केलेली मोजणी

घेणाऱ्याने स्वतःचा हिशेब मांडला म्हणजे चित्र किती बदलते, याचा एक पुरावा पवई येथेच मिळतो. तेथील यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक सुहास पांडुरंग सुखात्मे यांनी एका सहकाऱ्यासमवेत संस्थेच्या पदवीधरांचा माग काढला. १९७३ ते १९७७ या वर्षांतील पदवीधर आज कोठे आहेत, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला होता. १९८७ साली पुढे आलेल्या या अभ्यासातून असे आढळले, की त्यांपैकी सुमारे तीस टक्के परदेशांत स्थायिक झाले होते. पुढे मद्रासच्या संस्थेतही याच प्रकारचा अभ्यास करण्यात आला.

परदेशी साहाय्याच्या कोणत्याही अहवालात हा आकडा येण्याचे कारण नव्हते. अहवालाच्या दृष्टीने तज्ज्ञ आले, उपकरणे आली, विद्यार्थी पदवीधर झाले आणि योजना सफल झाली. परंतु भारतीय करदात्याच्या पैशाने शिकलेले कित्येक अभियंते श्रीमंत देशांच्या उपयोगी पडले, ही या देवाणघेवाणीची दुसरी बाजू होय. त्याचबरोबर हेही ध्यानात घेतले पाहिजे, की उरलेले बहुसंख्य येथेच राहिले. या दोन्ही गोष्टी एकदम सांगता आल्या, याचे कारण संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवली होती आणि ती नोंद कोणीतरी उघडून पाहिली. पत्त्यांच्या वह्या आणि पदवीदानाच्या याद्या हे कोरडे कागद वाटतात. परंतु प्रश्न विचारणारा भेटला, की तेच बोलू लागतात.

घेणारा देणारा होतो

देणारा आणि घेणारा या भूमिका कायमच्या नसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनी स्वतः अमेरिकेच्या शैक्षणिक देवाणघेवाणीचा एक मोठा लाभार्थी होता. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांच्या आतच तो मद्रासमध्ये साहाय्यकर्ता म्हणून उभा राहिला. भारतानेही १९६४ साली इतर विकसनशील देशांतील लोकांना प्रशिक्षण देण्यासाठी तांत्रिक व आर्थिक सहकार्याचा कार्यक्रम सुरू केला. २००८ साली फुलब्राइट कराराचे नूतनीकरण होऊन भारत त्यात समान भागीदार झाला आणि त्या शिष्यवृत्त्यांना नेहरूंचेही नाव जोडले गेले.

२०२३ साली मद्रासच्या संस्थेने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर आपले शिक्षणकेंद्र सुरू केले. भारतीय तंत्रविज्ञान संस्थांपैकी देशाबाहेर गेलेले हे पहिले केंद्र होय. गिंडीच्या रानात परदेशी अध्यापकांचे स्वागत करणारी संस्था आता आपले अध्यापक समुद्रापार पाठवू लागली आहे. म्हणजे या वेळी हिशेबाची वही तिच्या हाती आहे. किती अध्यापक पाठविले आणि किती वर्ग भरले, एवढेच तिने लिहिले, तर तीही आपल्या पूर्वीच्या साहाय्यकर्त्यांसारखीच अर्धी नोंद ठेवील. झांझिबारच्या विद्यार्थ्यांनी काय घेतले, काय नाकारले आणि पुढे ते कोठे गेले, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घेणे ही या अनुभवातून आलेली जबाबदारी आहे.

या कामासाठी मोठ्या अभिलेखागाराची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालये आहेत. शिष्यवृत्ती घेऊन परदेशी जाऊन आलेले अध्यापक, अभियंते, परिचारिका, कलावंत बहुतेक गावांत आढळतात. त्यांची पत्रे, प्रमाणपत्रे व छायाचित्रे यांची सूची करणे, त्यांच्या आठवणी तारखांसह नोंदवून घेणे आणि त्या सरकारी कागदांशी ताडून पाहणे, एवढे काम कोणतेही वाचनालय करू शकेल. स्मृतीत चुका असतात आणि सरकारी कागदांत मौन असते. दोन्ही एकमेकांसमोर ठेवली, तरच एका बाजूची चूक दुसरीकडून दुरुस्त होते आणि एका बाजूचे मौन दुसरीकडून भरून निघते.

साठ वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या त्या तरुण अध्यापकांची पिढी आता वृद्ध झाली आहे आणि त्यांतील अनेकजण हयात नाहीत. करारांच्या प्रती बर्लिनमध्ये आणि पॅरिसमध्ये सुरक्षित राहतील. त्या करारांनी ज्यांचे आयुष्य बदलले, त्यांची साक्ष मात्र येथेच नोंदविली पाहिजे, आणि ते हयात असतानाच नोंदविली पाहिजे.