कोल्हापूर ते दाजीपूर : सायकलचा एक दिवस

सायकल हें शहरांतलें वाहन होय, असा सर्वसाधारण समज असतो. कचेरी, शाळा, बाजार एवढीच तिची धांव. परंतु १९२३ सालीं मुंबईहून सायकलींवर निघालेल्या पारशी तरुणांपैकीं तिघेजण पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ मध्यें परतले. एवढें साहस सर्वांना साधणारें नव्हे. तथापि लांबच्या प्रवासांत शक्तीचा जो हिशेब ठेवावा लागतो, तो कोल्हापूरच्या सायकलस्वाराला एका दिवसांत शिकतां येतो. राधानगरीवरून दाजीपूरला जाणारा सुमारें ८० किलोमीटरांचा रस्ता त्या कामीं चांगला शिक्षक आहे.

हा रस्ता मोठा फसवा. राधानगरीपर्यंतचे पहिले ५० किलोमीटर तो भोगावतीच्या खोऱ्यांतून जातो. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती मिळून पंचगंगा होते. त्यांतल्या या एका नदीच्या उगमाकडे सायकलस्वार चाललेला असतो. वाटेंत हळदी, परिते अशीं गांवें लागतात. दोहों बाजूंस ऊंस. हंगामांत गुऱ्हाळांचा गोड वास आणि उसानें लादलेल्या गाड्यांची रांग. खोरें रुंद असल्यामुळें रस्त्याला चढ थोडा. सकाळचा गारवा असतो, पाय ताजे असतात. वेग वाढवण्याचा मोह साहजिकच होतो.

चूक होते ती येथेंच. सपाटीवर सायकलस्वाराला मुख्य अडथळा हवेचा. वेग दुप्पट केला कीं हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति आठपट. ताशीं २० ऐवजीं २५ किलोमीटर वेगानें गेल्यास राधानगरीपर्यंत अर्धा तास वांचतो. पण हवा कापण्यासाठीं लावावा लागणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय जोराच्या श्रमांत स्नायूंतील व यकृतांतील साखरेचा साठा झपाट्यानें खर्चीं पडतो. तो आटला म्हणजे भर चढावर एकाएकीं पाय गळतात. म्हणून भुकेची वाट न पाहतां तासातासानें भाकरीचा तुकडा, केळें किंवा गुळाचा खडा खावा आणि पाणी घोटघोट घेत जावें.

राधानगरीस शाहू महाराजांनीं आरंभलेलें धरण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतलें तें काम महाराजांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. १९५७ सालीं तडीस गेलें. तलाव भरला कीं त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडतात. येथें विसावा घ्यावा आणि घड्याळ पाहावें. कारण दिवसाचा खरा निर्णय या ठिकाणीं करावयाचा असतो.

पुढचे ३० किलोमीटर सह्याद्रीच्या माथ्याकडे जाणारे. चढणीवर ताशीं १० किलोमीटर धरले, तर तीन तास झाले. हिवाळ्यांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पंक्चर झालें तर हातीं तासभर शिल्लक असावा, या हिशेबानें दुपारचे दोन वाजून गेल्यावर पुढें निघूं नये. राधानगरीसच मुक्काम करावा. ही भित्र्या माणसाची सबब नव्हे. दाजीपूरचें अरण्य गव्यांसाठीं १९५८ सालीं राखीव झालें. पुरा वाढलेला नर गवा हजार किलोपर्यंत भरतो, आणि तिन्हीसांजेला हे कळप चरावयास बाहेर पडतात. मोटारीची चाहूल दुरून लागते. सायकल मात्र निःशब्द येते. त्यामुळें वळणावर माणूस आणि जनावर दोघेही एकमेकांस अचानक सामोरे येतात. गवा दिसतांच दूरच थांबावें आणि त्याला वाट मोकळी द्यावी.

चढावर गियर हलका असावा. एकंदर काम त्यामुळें कमी होत नाहीं, पण तें अधिक फेऱ्यांत वांटलें जाऊन गुडघ्यांवरचा ताण उतरतो. साधी सायकल असेल तर खुशाल उतरून चालावें. हातानें सायकल ढकलण्यांत कमीपणा नाहीं. ऊंस मागें राहतो, जांभूळ, अंजनी, कारवी सुरू होतात, रस्त्यावर सांवली धरते. ज्यानें सकाळीं अर्धा तास वांचवला, तो येथें मान खालीं घालून धापा टाकीत असतो. ज्यानें तो सुखानें खर्चीं टाकला, त्याला मान वर करून हें रान पाहतां येतें.